एमिलचे बारके बंपर

आधीच स्पष्ट सांगते, गाडी माझी आहे. एमिलची नाही, आमची दोघांची नाही, माझी. पंचाहत्तर साली इस्पितळात रात्रपाळ्या करून मी ती पिवळी बीएमडब्ल्यू कोरी करकरीत घेतली, तेव्हा एमिल हुडाक नावाच्या माणसाला मी ओळखतही नव्हते. पण लग्न झालं, सुट्टीच्या दिवशी हा गाडीखाली जाऊन पडायला लागला, आणि बघता बघता आमचं अख्खं यंगस्टाऊन गाव तिला 'एमिलची गाडी' म्हणायला लागलं. मी स्वतः पंपावर पेट्रोल भरत उभी असले तरी कुणीतरी येऊन विचारायचं, "एमिलची ना ही?" अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आणि भांडण कशावरून, तर बंपरवरून. त्या काळात आमच्या अमेरिकन सरकारचा नियम होता की हळू धडक बसली तर गाडीला इजा होता कामा नये. म्हणून इकडे येणाऱ्या गाड्यांना पुढेमागे हे जाडजूड, बाहेर आलेले बंपर लावायचे, आत धक्का खाणारे दट्टे. तिकडे जर्मनीत तीच गाडी नाजूक, चकचकीत पट्टीएवढा बंपर लावून हिंडायची. एमिलचा सगळा जीव त्या नाजूक पट्टीत अडकलेला. त्याच्या गाडीवेड्यांच्या क्लबातले लोक तर माझ्या बंपरला 'बाकडं' म्हणायचे. "बर्नी, पुढच्या बाकड्यावर बसू का गं जरा?" आणि मग सगळे फिदीफिदी हसायचे.

हसा लेको. आमची कॅरल तान्ही असताना मी लाल दिव्याला थांबले होते. ती मागच्या सीटवर झोपलेली. मागून एक पिकअप येऊन धाडकन आदळला. बंपर आत गेला, परत बाहेर आला. पोरगी जागीसुद्धा झाली नाही. बंपरवर फक्त एक ओरखडा उरला. त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर हे बंपर निघणार नाहीत.

"अगं, एवढ्या धक्क्याला कुठलाही बंपर टिकला असता," एमिल म्हणायचा.

"मग तुझ्या ट्रकला लाव बारके," मी म्हणायचे.

तरी या बाबाने कुठूनतरी ती बारक्या बंपरांची जोडी पैदा केलीच. जुन्या घोंगडीत गुंडाळून गॅरेजच्या माळ्यावर ठेवली. दर वसंतात खाली काढायचा, पुसून लखलखीत करायचा आणि लाडीगोडीने विचारायचा, "या वर्षी लावू या का?" मी नाही म्हणायचे. तो परत गुंडाळून वर ठेवायचा. असा संसार झाला आमचा, आणि खरं सांगायचं तर वाईट नाही झाला.

एमिल गेला थंडीच्या सुरुवातीला. ईस्टरच्या आधी उपासाचे दिवस लागले, तशी मी पुन्हा दर गुरुवारी चर्चच्या तळघरात जायला लागले. शुक्रवारच्या विक्रीसाठी आम्ही बायका तिथे बटाट्याचं सारण भरून पिरोगी, म्हणजे मैद्याचे उकडलेले कानवले, वळतो. एका गुरुवारी बटाटेच कमी पडले. लवकर घरी आले, तर दारात गाड्याच गाड्या.

माझी पिवळी जॅकवर चढवलेली. पुढेमागे बोडकी! दोन्ही मोठे बंपर हिरवळीवर पालथे टाकलेले, कचऱ्यात टाकावे तसे. लॉवेल ट्रेसलर, म्हणजे क्लबाचा म्होरक्या, गाडीपुढे गुडघे टेकून बसलेला, हातात कापायचं मशीन. बंपर धरणारे जुने टेकू एकदा कापले की मोठे बंपर परत बसणं नाही. आणि तो क्लबातलाच कर्ट! एमिलच्या शेगडीवर सॉसेज भाजत उभा होता, माझ्या अंगणात, माझा चिमटा घेऊन.

"लॉवेल!" मी अशी ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "खाली ठेव ते!"

लॉवेलने मशीन ठेवलं. "अगं बर्नी, तू लवकर कशी? सरप्राइज होतं."

"चोर येऊन घर धुऊन नेतो तेही सरप्राइजच असतं."

"असं काय बोलतेस? आपली रीत तुला माहीत नाही का?"

रीत माहीत होती. क्लबातला कुणी गेला की त्याचं गॅरेजमधलं अर्धवट काम बाकीचे मिळून पुरं करतात. कुणाच्या सीट शिवून दिल्या, कुणाचं इंजिन चालू करून दिलं. मी स्वतः त्यांना केक करून पाठवलेत अशा वेळी. चांगली रीत आहे. पण अर्धवट राहिलेलं काम वेगळं आणि बायकोने नको म्हटलेलं काम वेगळं, एवढं या थेरड्यांना कळू नये?

"त्या दट्ट्यांत आता काही राम नाही, बर्नी," कर्ट म्हणाला. "सुकून गेले असणार केव्हाच. नुसतं ओझं वाहतेस."

"माझं ओझं, मी वाहीन. बसवा परत."

सगळे लॉवेलकडे बघायला लागले आणि लॉवेल आपल्या बुटांकडे. मग तो हळूच म्हणाला, "आम्ही आपल्या मनाने नाही आलो गं. एमिलनेच सांगितलं होतं. इस्पितळात."

"काय सांगितलं होतं?"

"म्हणाला, मी असेपर्यंत ती ऐकायची नाही. मी गेलो की लावून टाका. गुरुवारी या, ती पिरोगी करायला जाते."

मी पायरीवर बसले. वारसुद्धा सांगून ठेवला होता माणसाने! शेवटचे ते आठवडे मी त्याला चमच्याने सूप पाजत होते. दफनाच्या वेळी कोट कुठला घालायचा, गाणं कुठलं म्हणायचं, सगळं बोललो होतो आम्ही. आणि मी ताट विसळायला वळले की हा माझ्या पाठीमागे माझ्या गाडीचा सौदा करत होता. रडू नाही आलं मला. संताप आला. मेलेल्या माणसावर चिडायची सोय नसते, पण मी चिडले.

"बसवा," मी पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज चढवला नाही, आणि त्यालाच ते घाबरले असावेत. मुकाट्याने बसवायला लागले. सॉसेज करपले, कुणाला भान नव्हतं. एकेक बोल्ट आवळून होईपर्यंत मी पायरीवरून उठले नाही.

मग बारके बंपर मागच्या सीटवर घातले आणि थेट दफनभूमीत गेले. एमिलच्या दगडापुढे ती जोडी ठेवली. चमकत होती, नाही म्हणत नाही.

"घे," मी म्हटलं. "लाव तुझ्या दगडाला. एकदा शेवटचं विचारता आलं नाही तुला? इस्पितळात विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं रे मी. तेव्हा तू काहीही मागितलं असतंस तरी हो म्हटलं असतं."

आता मात्र डोळे भरून आले. तशीच गाडीत बसले, दाणकन दार लावलं आणि रिव्हर्स टाकून पाय दाबला. रस्त्याच्या कडेला कमरेएवढा दगडी खांब आहे. इतकी वर्षं बघतेय तो, पण त्या घटकेला दिसलाच नाही. धाडकन आवाज झाला. तशीच उतरून मागे गेले.

बंपर आत गेला होता आणि परत बाहेर आला होता. पत्र्याला धक्का नाही, दिव्याला तडा नाही. पिरोगीचं पीठ लागलेला ॲप्रन अजून अंगावर होता, त्यानेच खांबाची पांढरी भुकटी पुसली. खाली, कॅरलच्या वेळच्या ओरखड्याशेजारी, एक नवीन ओरखडा निघाला.

तिथून एमिलचा दगड दिसत होता.

"बघितलंस?" मी ओरडले. लांबवर पानं गोळा करणारा माणूस दचकून माझ्याकडे बघायला लागला. बघू दे. "एमिल, बघितलंस का?"