पाच टेबलांचा इसार

नंदीश हेडी ऐन पोळ्याला घरात बसलाय, ही बातमी गावात म्हशीच्या चालीनं पसरली. उशिरा, पण प्रत्येक दारात थांबून.

अणदूरच्या अलीकडं-पलीकडं पंधरा गावांत कुणाला जनावर घ्यायचं-विकायचं असलं की मध्ये हेडी म्हणून नंदीश असायचा. बाजारात उभ्या उभ्या तो एकाच वेळी पाच सौदे फिरवायचा. मराठीत भाव चढवायचा, कानडीत उतरवायचा आणि दलाली दोन्हीकडून घ्यायचा. असा माणूस बैलांच्या सणाला आतल्या खोलीत बाजेवर मांडी घालून बसला होता. समोर मोबाइल, आणि मोबाइलवर पोकरची पाच टेबलं, सगळी एकदम चालू.

बाहेर ओट्यावर गौराबाई बसल्या होत्या. बावीस दिवसांपूर्वी त्यांनी नंदीशच्या हातावर ब्याऐंशी हजार ठेवले होते. आपली आटलेली म्हैस विकून, वर बचतगटाचं कर्ज उचलून. नवी पंढरपुरी म्हैस आणून दे म्हणाल्या होत्या, कारण डेअरीला घातलेल्या दुधावरच त्यांची चूल पेटायची. नंदीशनं ते पैसे सोळा दिवसांत टेबलांवर घालवले. म्हैस मात्र त्यानं तोंडी चालू ठेवली. पहिल्या आठवड्यात म्हशीचा मालक सुतकात होता. दुसऱ्या आठवड्यात म्हशीला खोकला झाला. गौराबाईंनी त्या खोकल्यासाठी अडुळशाचा पाला आणून दिला, तेव्हा नंदीशची बायको राजेश्वरी तोंडाला पदर लावून आत गेली. ती हसत नव्हती.

पोळ्याच्या सकाळी अ‍ॅपचा निरोप आला. सरकारनं पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केलेत, संध्याकाळी सहाला टेबलं उठतील, शिल्लक खात्यात जमा होईल. म्हणजे म्हैस उभी करायला नंदीशकडं सहा वाजेपर्यंतचाच वेळ होता. भांडवल अठरा हजार. राजेश्वरीला त्यानं मोटरसायकल दुरुस्तीला टाकलीय म्हणून सांगितलं होतं. ती दुसऱ्याच्या दारात अठरा हजारांना दुरुस्त झाली होती.

खेळ तसा सोपा. हातात दोन पानं, मध्ये पाच पानं एकेक करून उघडतात आणि प्रत्येक पानागणिक बोली वाढत जाते. पानं बरी नसली की फोल्ड नावाचं बटण दाबायचं, घातलेल्या पैशावर पाणी सोडायचं आणि गप बसायचं. या खेळात जे तगतात ते दिवसभर हे बटण दाबूनच तगतात. नंदीशला नेमकं तेवढंच जमायचं नाही. हेड्याच्या धंद्यात इसार दिला की सौदा पक्का. शंभर रुपये का असेनात, एकदा हातावर ठेवले की जनावर लंगडं निघो नाही तर मारकं, माघार नाही. इसार मोडणाऱ्याशी बाजारात कुणी भावसुद्धा बोलत नाही. नंदीशच्या घरात तीन पिढ्या कुणी इसार मोडला नव्हता. त्यामुळं टेबलावर वीस रुपये गेले तरी त्याचा अंगठा त्या बटणाकडं वळायचा नाही. बाजारात ही त्याची अब्रू होती. पाच टेबलांवरच्या अनोळखी लोकांचं मात्र तिच्यावर बरं चाललं होतं.

त्या दिवशी पानांनीच दया दाखवली. पाच वाजता पाचही टेबलांचे मिळून चौऱ्याहत्तर हजार झाले. बाहेर हलगी वाजत होती, बैल मारुतीकडं निघाले होते. नंदीशला बोलवायला दोघं येऊन गेले; त्याचं पोट बिघडलंय असं राजेश्वरीनं सांगितलं. मग तिनं आत येऊन आकडा पाहिला.

"उठा आता," ती म्हणाली. "वरचे आठ हजार मी माहेरातनं आणते."

"तीन टेबलांवर इसार गेलाय. मधनंच कसं उठू?"

तीनही टेबलं एका दमात गेली. पाळी आली की टेबल थरथरायचं आणि वीस सेकंद मोजायला लागायचं. तिकडं बघावं तोवर दुसरं थरथरायचं. बाजारात समोरच्याचा घसा सुकलेला दिसतो. इथं एकाच्या जागी मोटारीचं चित्र, एकाच्या जागी सिंहाचं, आणि सिंहाचा घसा कधी सुकत नाही. पावणेसहाला साडेपस्तीस हजार उरले.

तेवढ्यात गौराबाई पाणी मागायला आत आल्या आणि बाजेजवळ खाली बसल्या.

"म्हशीचंच चाललंय का रं?"

"व्हय मावशी," नंदीश म्हणाला. ते खोटंही नव्हतं.

पाचव्या टेबलावर सिंहानं आपले सगळे पैसे पुढं लोटले. नंदीशचे सहाशे आधीच आत होते. राहायचं तर त्या टेबलावरचे उरलेले सव्वीस हजार घालायला हवे होते. हातात सत्ती आणि दुरी. याहून वाईट जोडी पत्त्यांत नाही.

"सोडा," दारातून राजेश्वरी म्हणाली.

"सहाशेचा इसार गेलाय."

"इसार? कुणाला दिलास?" गौराबाईंनी विचारलं.

नंदीशनं सिंहाकडं पाहिलं. "ठावं न्हाय."

"कुठल्या गावचा हाय?"

"ठावं न्हाय, मावशी."

"मग मोडलास तर त्यो तुजं तोंड कुठं बघणार हाय?"

सात सेकंद उरले होते. नंदीशचा अंगठा फोल्डवर गेला. आयुष्यात पहिल्यांदा गेला, आणि विस्तवावर पडल्यासारखा मागं आला. त्यानं सव्वीस हजार पुढं लोटले. सिंहाकडं दोन राजे होते.

सहाला टेबलं उठली तेव्हा शिल्लक नऊ हजार होती. मोबाइलनं आभार मानले.

मग नंदीशनं गौराबाईंना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मालक सुतकात नव्हता, मालकच नव्हता. खोकला नव्हता. गौराबाईंनी मध्ये एकदाच विचारलं, म्हणजे म्हैस नव्हतीच का, आणि तो नव्हती म्हणाल्यावर जित्या जनावराची मौत ऐकावी तसा त्यांनी कपाळाला हात लावला.

"त्या सिंव्हाचं सहाशे तुला मोडवलं न्हाईत," त्या म्हणाल्या. "माजं ब्याऐंशी हजार कसं मोडवलं रं?"

नंदीशनं मोबाइल बाजेवर पालथा घातला.

गौराबाई रडल्या नाहीत. पदर खोचून पुन्हा ओट्यावर गेल्या आणि राजेश्वरीकडं एक घोंगडी मागून घेतली. म्हैस येईस्तोवर आपला मुक्काम इथंच, असं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. राजेश्वरीनं पुरणपोळीचं ताट वाढून त्यांच्यापुढं ठेवलं.

गौराबाईंनी ताटाकडं पाहिलं.

"पोळीवर दूध लागतं मला," त्या म्हणाल्या. "उद्यापास्नं दोन टायमाला."

घरात दूध नव्हतं. नंदीश किटली घेऊन उठला. चौकात अख्खा गाव बैलांसकट उभा होता, आणि डेअरी चौकाच्या पलीकडं होती.