उलट्या रेघेचा सूड

मित्रांनो, कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात, जुन्या फायलींखाली जो काळा सपाट तुकडा दिसतो, तो मी. मी एक जुना ग्राफिक्स टॅबलेट आहे. गोष्ट सांगायची मला सवय नाही आणि ती कोणी ऐकावी इतकी माझी योग्यता आहे का, याचीही शंका वाटते. पण मी एकदा सूड घेतला आहे. तेवढे मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझ्या कातडीखाली बारीक तारांची जाळी आहे. तिच्यातून सतत हलक्या लहरी निघतात. माझ्या पेनाच्या पोटात तारेचे एक वेटोळे असते. ते त्या लहरींवरच जगते आणि ‘मी इथे आहे, माझ्यावर एवढा दाब आहे’ असे मला कळवते. म्हणून त्या पेनाला बॅटरी लागत नाही. हात माझ्यावर फिरतो आणि रेघ समोरच्या पडद्यावर उमटते. माझा डावा वरचा कोपरा म्हणजे पडद्याचा डावा वरचा कोपरा. माझ्यावरच्या प्रत्येक ठिकाणाची पडद्यावरची जागा अशी ठरलेली असते.

मला विकत घेणाऱ्या मामांना हे कधीच कळले नाही. मुलांच्या पुस्तकांना चित्रे पुरवणाऱ्या दोन खोल्यांच्या कार्यालयाचे ते मालक. दुकानात त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, “यात सगळ्यात मोठा कुठला?” मी कार्यालयात आलो तेव्हा टेबल अपुरे पडले आणि माझी एक बाजू कायमची हवेत राहिली. मामा पेन माउससारखे वापरायचे. उचलून दुसरीकडे टेकवायचे आणि पडद्यावरचा बाण जागीच थांबेल म्हणून बघत बसायचे. बाण अर्थातच उडी मारायचा. “भूत शिरलंय याच्यात!” म्हणत ते मला चापट मारायचे. पेनाचे टोक झिजून खरबरीत झाले, त्याने माझ्या अंगावर चरे पडले. शेवटी त्यांनी माझा चहाचा ट्रे केला. कपाचे गोल डाग अजून माझ्यावर आहेत. मी त्यातला एकही विसरलेलो नाही.

मग त्यांची भाची कामाला आली. डावखुरी, कमी बोलणारी. तिने ओल्या फडक्याने मला पुसले.

“मामा, याचं टोक कधी बदललंय का?”

“टोक बदलायला ती काय पेन्सिल आहे?”

माझ्या खोक्यात जादा टोकांची पुडी तशीच बंद पडली होती. तिने नवे टोक बसवले. माझी बटणे डाव्या हाताखाली दबत होती, म्हणून तिने मला उलटे फिरवले आणि संगणकालाही तसे कळवले: हात डावा, वरचे ते खाली, उजवे ते डावे. तिचा हात पिसासारखा हलका. तेवढ्या दाबातही रेघ ठसठशीत यावी, असे तिने मला लावून घेतले. तिने एका हरवलेल्या बकरीच्या गोष्टीची सगळी चित्रे काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला आपला काही उपयोग आहे असे वाटले.

एके दिवशी मामा फोनवर पुस्तकाच्या प्रकाशक बाईंना म्हणाले, “चित्रं माझीच हो. पोरगी नुसती रंग भरते. नाव माझंच टाका.”

भाचीने शेजारच्या टेबलावर ते ऐकले. तिचे पेन माझ्यावर असे दाबले गेले, जसे पूर्वी कधी दाबले गेले नव्हते. माणसे तोंडाने बोलत नाहीत ते माझ्यापर्यंत पोहोचते. त्याच क्षणी मी ठरवले, मामांना सोडायचे नाही.

आठवड्याने बाई स्वतःच आल्या. मामांनी भाचीला लगबगीने कागद आणायला पिटाळले.

“या बकरीचा डोळा जरा घाबरलेला हवा,” बाई म्हणाल्या. “आत्ताच करून द्या. मी बसते.”

“आत्ता? माझ्या हाताला जरा लचक…”

“एवढासा डोळा तर आहे.”

मामा बसले. बटणे पलीकडे दिसली म्हणून त्यांनी मला सरळ फिरवून घेतले. संगणकाला मात्र कोणी काही सांगितले नाही. त्यांनी पेन वर नेले, बाण खाली गेला. उजवीकडे नेले, डावीकडे पळाला. घाम फुटला. पेन त्यांनी रागाने दाबले आणि हलक्या हाताची सवय लावलेल्या मी बकरीच्या तोंडावर काळाकुट्ट पट्टा ओढला. मित्रांनो, मला काहीच वेगळे करावे लागले नाही. मला जसे शिकवले होते तसाच मी वागलो. पण खरे सांगतो, इतक्या आनंदाने मी कधीच वागलो नव्हतो.

“ही बकरी आहे की मिशीवाला हवालदार?” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात भाची आली. तिने पडदा पाहिला, मामांना पाहिले आणि गुपचूप मला उलटे फिरवले. पट्टा पुसला. तीन रेघांत बकरी घाबरली.

बाईंनी तिच्या डाव्या हाताकडे पाहिले. मग म्हणाल्या, “बाळ, पुस्तकावर तुझं नाव तूच लिही. इथेच.”

तिने ते माझ्यावर लिहिले. हात पुन्हा पिसासारखा झाला होता.

बाई गेल्यावर मामांनी माझी वायर हिसडली. जोडणीची जागा मोडली ती कायमचीच आणि मी या खणात आलो. भाचीने काम सोडून जाण्यापूर्वी दुकानात फोन करून स्वतःसाठी टॅबलेट ठरवला. मी खणातून ऐकत होतो. “माझ्या टेबलावर मावेल ना? माझ्या संगणकावर चालेल ना? डाव्या हाताला लावता येतो? जादा टोकं मिळतील? आधी तिरकी रेघ हळू ओढून बघू द्याल? थरथरली तर नको.” मित्रांनो, तुम्हीही घेण्याआधी एवढे विचारा. आमची टोके वेळेवर बदला, आमच्यावर कप ठेवू नका, आणि ज्याने चित्र काढले त्याचेच नाव लिहा.

कालच मामांनी नवा टॅबलेट आणला. पुन्हा सगळ्यात मोठा, पुन्हा काही न विचारता. खोके उघडण्यापूर्वी त्यांनी ते रात्रभर माझ्याच खणात ठेवले होते.

मी त्याला सगळे सांगितले आहे.