एका फेरीची मळणी

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी स्पोर्ट्स कार आहे. खालापूरच्या टोलनाक्याजवळ एका आवारात, मोडक्या टेंपोच्या शेजारी उभी आहे. कोणाची पावले वाजली की आजही माझी पाचावर धारण बसते. तुम्ही म्हणाल, एवढी मोठी गाडी आणि एवढी भित्री? मी जन्मतः भित्री नव्हते. ते कसे झाले तेच सांगते.

माझे पहिले मालक खोपोलीचे कमलेशकाका. मी जमिनीला टेकल्यासारखी बुटकी आणि रुंद. दार उघडताच गल्लीतली मुले गोळा व्हायची. काका मात्र मला लेकीसारखे जपत. दर शनिवारी चाकांतली हवा तपासत. वळण यायच्या आधी वेग कमी करत, वळणात शिरल्यावर कधीच नाही. माझ्यात ताकद भरपूर होती, पण त्यांनी तिचा कधी दिमाख मिरवला नाही. त्या दिवसांत मला भीती हा शब्दच ठाऊक नव्हता.

पुढे काकांचे गुडघे दुखू लागले. माझ्यात बसायचे म्हणजे जमिनीवर मांडी घालण्यासारखेच, ते त्यांना जमेना. मग मी दहिवलीच्या हरेशकडे गेले. चाव्या देताना काकांनी त्याला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. मागचे टायर जुने होऊन कडक झाले आहेत, ते आधी बदल. आणि घसरत्या गाडीचे चित्र असलेले हे बटण कधी दाबू नकोस. चाके घसरू लागली की मी माझी मीच ती आवरते, पण ते बटण दाबून धरले की माझे हात बांधल्यासारखे होतात. हरेशने मान डोलावली. टायर काही बदलले नाहीत.

हरेश वाईट माणूस नव्हता. हसरा, हौशी, गावात सगळ्यांशी मिळून मिसळून वागणारा. त्याच्या दहा वर्षांच्या आरोहीला तो शाळेतून माझ्यातूनच आणायचा. पण मोकळा रस्ता दिसला की त्याच्या अंगात वारे शिरे. ते बटण त्याने पहिल्याच आठवड्यात दाबले. स्टिअरिंगमागे नारिंगी दिवा लागला. त्यात गाडीमागे नागमोडी रेघा दिसत. आरोहीने विचारले, तर म्हणाला की आता गाडी मोकळी झाली. मोकळी कसली? त्या दिव्याकडे पाहून माझ्या काळजाचा ठोका चुकत असे.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. आमच्याकडे भात निघाले की शेतात वाल पेरतात. माघ-फाल्गुनात वालाच्या शेंगा वाळतात. मग काही घरची माणसे त्या शेंगा वेलांसकट डांबरी रस्त्यावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या वरून गेल्या की शेंगा फुटतात, दाणे सुटतात, झोडायचे कष्ट वाचतात. गावातल्या दशरथचा टेंपो तर मुद्दाम थांबून, पायी चालल्यासारखा हळूहळू दोनदा वरून जायचा. रस्ता काही खळे नव्हे, हे खरेच. पण लहानपणी हरेशच्या घरचे वालसुद्धा असेच मळले जात. त्यामुळे शेंगांवरून गाडी घालणे म्हणजे शेजाऱ्याला मदत, एवढेच त्याच्या डोक्यात बसले होते. हळू जायचे असते, हा अर्धा भाग तो विसरला.

त्या दिवशी दुपारचे चार वाजले होते. आरोही शेजारी बसली होती, दप्तर पायाशी होते. शाळा मागे पडली आणि समोर घराकडचा सरळ रस्ता आला. त्याच्या टोकाला वळण, आणि वळणाच्या अलीकडे पिवळट शेंगांचा थर. कडेला गावातली सुंदराआजी काठीने आपल्या शेंगा वरखाली करत होती. तिने आम्हाला पाहिले आणि हात वर केला.

माझी काच खाली होती. तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"हरेश, हळू रं बाबा, शेंगा हायत."

हरेश हसला. "बघ आरोही, आजीची मळणी एका फेरीत करून टाकू." आणि त्याने पाय दाबला.

नारिंगी दिवा लागलेलाच होता. मी ओरडले असते, पण मला इंजिनाखेरीज आवाज नाही, आणि त्या आवाजाने तो आणखी खूश झाला. माझी मागची चाके शेंगांवर चढली. शेंगा फुटल्या आणि गोल, टणक दाणे कडक टायरांखाली छर्र्यांसारखे फिरू लागले. पायाखालची जमीन नाहीशी होणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. माझी मागची बाजू उजवीकडे निघाली. घाबरून हरेशने पाय एकदम उचलला, ब्रेक करकचून दाबला आणि स्टिअरिंग भलतेच फिरवले. माझा सगळा भार पुढे गेला, मागची बाजू आणखी हलकी झाली. तेवढ्यात चाकांना कोरडे डांबर लागले. त्यांनी रस्ता घट्ट पकडला आणि मला उलट्या दिशेला भिरकावून दिले.

त्या दिशेला सुंदराआजी होती. ती पळत होती. मला ती दिसत होती आणि मला थांबता येत नव्हते.

तिला लागलेला धक्का माझ्या मागच्या पत्र्यात अजून आहे. नंतर मी ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर आदळले. पट्ट्यामुळे आरोही वाचली. हरेशच्या कपाळातून रक्त येत होते. आजी शेंगांत पडून कण्हत होती. लोक धावून आले आणि तिला दशरथच्या टेंपोतून दवाखान्यात नेले. तिचा पाय मांडीपासून मोडला होता.

मला ओढून इथे आणले. आवारात येणाऱ्यांच्या गप्पांतून पुढचे कळत गेले. हरेशने सांगितले होते की वळणापाशी शेंगा अचानक आल्या, दिसल्याच नाहीत, गाडीने दगा दिला. हळूहळू सगळे खापर आजीवर फुटू लागले. म्हातारीने रस्ता अडवला, तिच्यावरच गुन्हा लावा, असे लोक बोलू लागले. ती दवाखान्यात पडलेली, आणि खरे काय ते ठाऊक असलेली मी मुकी. मला त्या दिवसांत अपघातापेक्षाही जास्त भीती वाटली.

तीन आठवड्यांनी अपघाताच्या चौकशीसाठी आरटीओतल्या रोहिणी मॅडम मला तपासायला आल्या. त्यांनी हरेशलाही बोलावले होते. आरोही दप्तर न्यायला आली होती, पण दहा पावलांवरच उभी राहिली. ती आता कुठल्याच गाडीत बसत नव्हती. मॅडमनी चाकांवर हात फिरवला, उघड्या काचेतून पायपुसण्यावर उडालेले वालाचे दाणे उचलून पाहिले, आणि शेंगा दिसल्या होत्या का, असे विचारले. हरेश नाही म्हणाला. मग त्यांनी दिवे पाहण्यासाठी त्याला किल्ली फिरवायला सांगितले.

तो वाकून आत बसला. किल्ली खट्‌कन वाजली. आरोही जागच्या जागी खाली बसली आणि तिने दोन्ही कान झाकले.

"पप्पा, आता मळणी नको," ती म्हणाली.

रोहिणी मॅडमनी विचारले, कसली मळणी? हरेशचे हात स्टिअरिंगवर, नजर लेकीवर. मग तो बाहेर आला आणि मॅडमसमोर उभा राहिला.

"शेंगा दिसल्या होत्या. आजी हात करीत होती, ती पण दिसली. मीच पाय दाबला. आजीचा काय दोष नाय, आन्‌ गाडीचा पण नाय."

मॅडमनी ते सगळे लिहून घेतले. त्याने खाली सही केली. मग तो आरोहीकडे गेला. तिने दप्तर घेतले, त्याचा हात मात्र धरला नाही. दोघे फाटकातून चालतच बाहेर पडले.

सुंदराआजी आता काठी टेकत चालते, असे ऐकते. यंदा तिने वाल अंगणातच झोडले.

काल एक माणूस इथे आला होता. त्याने माझ्या पत्र्यावर थाप मारली आणि किल्ली फिरवली. मित्रांनो, मी लगेच सुरू झाले. तो खूश झाला, आणि मी आतून थरथरत होते. कोणीही किल्ली फिरवली तरी मला सुरू व्हावेच लागते, कोणीही पाय दाबला तरी धावावेच लागते. मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येते. शेजारच्या जागेवर बसला असाल, तर ते वेळेवर म्हणा.