पानिपतची चौतीस ब्लँकेटं

"झाकण नीट धरा, मागच्यासारखं बोटांवर यायचं," अलकनंदा म्हणाली.

गुणवंत दिवाणाचं झाकण डोक्यावर तोलून आत वाकला होता. खालच्या मजल्यावरचा मुरलीधर खुर्चीत बसून हे पाहत होता आणि चहा पीत होता.

"आरामात, यार. ब्लँकेटं कुठे पळून चाललीयत?"

दोघं केंद्र सरकारच्या एकाच मंत्रालयात, एकाच महिन्यात लागले होते आणि या एकतीस जानेवारीला एकाच दिवशी निवृत्त होणार होते. मुरलीधर दर धनत्रयोदशीला चांदीची एक जाडजूड वाटी घ्यायचा. वस्तू टिकते, पैसा टिकत नाही, असं त्याचं म्हणणं. गुणवंतला ते पटलं होतं. फक्त ते मुरलीधरला आधी सुचलं, हे सहन झालं नव्हतं. म्हणून तो दर हिवाळ्यात पानिपतला जाऊन शुद्ध लोकरीची दोन ब्लँकेटं आणू लागला. "चांदी कोण पांघरतं?" असं त्याने सतरा वर्षं कँटीनमध्ये विचारलं. लोक हसायचे. मुरलीधरही हसायचा आणि पुढची वाटी घ्यायचा.

मग चांदी भडकली. मुरलीधरने थोड्या वाट्या मोडून नोएडाच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर करून घेतलं. गुणवंतने त्याचे फोटो तीनदा पाहिले आणि तिन्ही वेळा म्हणाला, "चिमणी जरा लहान वाटते."

आज त्याची पाळी होती. एक व्यापारी सगळा माल घ्यायला तयार होता. अट एकच : धागा जाळून व्हिडिओ पाठवा. भाव मुरलीधरच्या देखत ठरावा, म्हणून गुणवंतने त्याला मुद्दाम वर बोलावलं होतं.

ब्लँकेटं प्लास्टिकमध्ये होती, डांबराच्या गोळ्यांसकट. दोनदा क्वार्टर बदललं, पण एकाचीही घडी मोडली नव्हती. अलकनंदाचे वडील, अण्णा, एकदा सव्वीस जानेवारीची परेड बघायला आले, तेव्हा मफलर गुंडाळून दोन चादरींत झोपले होते. "घडी मोडली की किंमत गेली," असं गुणवंतने तिला स्वयंपाकघरात समजावलं होतं. अण्णांनी सकाळी चादरींची घडी घातली आणि म्हणाले, "छान असते हो थंडी तुमच्याकडे."

"लोकर असली की केस जळल्यासारखा वास येतो," गुणवंतने माहिती दिली. मुरलीधरने मोबाइल रोखला. काडी पेटली.

धागा आक्रसला, टपकला आणि त्याचा काळा टणक मणी झाला. खोलीत प्लास्टिकची बादली जळल्यासारखा वास पसरला.

"दुसरं बघू," मुरलीधर म्हणाला.

दुसरंही तसंच निघालं. तिसरंही. अकराव्यानंतर काड्या संपल्या.

मुरलीधरने व्हिडिओ पुसून टाकला. निदान हसला असता, तर गुणवंतला काहीतरी बोलता आलं असतं.

"मला दे ना त्यातली चार," दारात चपला घालताना तो म्हणाला. "विकत. नोएडात गारठा फार आहे."

"विकायची नाहीत," गुणवंत म्हणाला.

"अच्छा," मुरलीधर म्हणाला आणि जिना उतरला. या माणसाला दयासुद्धा नीट करता येते, हे गुणवंतला चांदीपेक्षा जास्त लागलं.

अलकनंदा दिवाणाच्या कडेला मटार सोलत बसली होती. गुणवंतने एक प्लास्टिक फाडलं, घडी मोडली आणि ब्लँकेट तिच्या पायांवर टाकलं.

"गरम आहे का गं?"

तिने दोन शेंगा सोलल्या.

"आहे की. अण्णांना पुरलं असतं."

गुणवंतने दुसरंही उलगडलं. पण घरात पांघरायला आणखी कोणी नव्हतं. मग तो त्याची पुन्हा घडी घालत बसला. जुन्या रेघा दिसत होत्या, पण घडी काही त्यांवर बसेना.