बटणांच्या डब्याचे सहा कप्पे

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. माझा रंग उडाला आहे, एका कोपऱ्याला गंज चढला आहे आणि झाकण लावताना मी कुरकुरतो, हे मला मान्य आहे. पण मी साधासुधा डबा नाही. माझ्या पोटात सहा कप्पे आहेत आणि ज्याची वस्तू त्याच्याच कप्प्यात, हा माझा जन्मापासूनचा हट्ट आहे. पसारा मला मुळीच खपत नाही.

एका कारागिराने मला एका टेलरमास्तरांसाठी बनवलं. पत्रा कापताना आणि डाख देऊन कप्पे जोडताना मला फार चटके बसले. पण मास्तरांनी माझं झाकण दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि काम चोख आहे म्हणाले, तेव्हा मी सगळं विसरलो. पाच कप्प्यांत शर्टाची, पँटची, गणवेशाची बटणं आणि हूक असत. सहावा कप्पा सगळ्यांत मोठा, तो कोटाच्या जाडजूड बटणांचा. मास्तर मान वर न करता नेमकं बटण उचलत आणि गिऱ्हाइकं तोंडात बोट घालत. कौतुक मास्तरांचं होई, पण मीही त्यात आपला वाटा धरत असे.

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले. मास्तर थकले आणि एके दिवशी गेले. त्यांच्या मुलीने मला आपल्या घरी आणलं आणि कपाटावर ठेवून दिलं. तिथे माझ्यावर धूळ बसली, रिकाम्या पिशव्या साठल्या आणि मी आहे हेही सगळे विसरले. फार वाईट वाटायचं. आता वाटतं, ते दिवसच बरे होते.

मास्तरांची मुलगी एका लाँड्रीत इस्त्री करते. तिला एक मुलगी आहे, सगळे तिला छोटी म्हणतात. छोटीचे वडील दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटून बसले आहेत आणि इकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यामुळे स्वयंपाक, शाळा, पाणी भरणं, लाँड्री आणि संध्याकाळी लोकांच्या कपड्यांची शिवणटिपण, हे सगळं आईच्याच अंगावर. अशातच छोटीच्या पोटाचं तातडीचं ऑपरेशन करावं लागलं. छोटी वाचली. बिल मात्र एवढं आलं, की आईने त्यावरची शून्यं बोटाने पुन्हा पुन्हा मोजली.

दवाखान्याच्या बिलाच्या खिडकीवरच्या कारकुनाने तिला हप्ते बांधून दिले. सगळे हप्ते वेळेवर आले तर बिलाचा तिसरा हिस्सा माफ, एक जरी चुकला तरी माफी रद्द आणि पूर्ण बिल डोक्यावर, असं त्याने समजावलं. त्या दिवशी आईने मला कपाटावरून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि बटणं एका बरणीत ओतली. मग कप्प्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: भाडं, किराणा, वीज, शाळा, बस. कोटाच्या बटणांच्या मोठ्या कप्प्यावर तिने दवाखाना असं लिहिलं. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला पुन्हा काम मिळालं म्हणून मी खूश झालो होतो.

पगार झाला की आई नोटा वाटून टाके. पण पैसे कप्प्यांचं ऐकत नाहीत. विजेचं बिल वाढे, बूट फाटे, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात उचल करावी लागे. त्यासाठी आईने एक युक्ती काढली होती. ज्या कप्प्यातून पैसे काढले तिथे ती बरणीतलं एक बटण ठेवी. चिल्लर घेतली तर शर्टाचं, नोट घेतली तर कोटाचं. पुढच्या पगाराला बटण दिसलं की तेवढे पैसे आधी परत टाकायचे आणि बटण बरणीत. असं करून ती एकट्याने घर ओढत होती. दवाखान्याच्या कप्प्यात मात्र तिने कधीच बटण ठेवलं नाही. त्या कप्प्याला हात लावायचा नाही, हे छोटीलाही पाठ झालं होतं.

छोटी हुशार होती, आणि तिथेच घात झाला. तो कप्पा आपल्यामुळे आला आहे, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. एकदा आई फोनवर मावशीशी बोलता बोलता हसून म्हणाली, "आता हे फिटेपर्यंत आमच्या घरात कुणी आजारी पडायचं नाही, असं ठरलंय." मावशीही हसली असावी. छोटी माझ्याशेजारी बसून गृहपाठ करत होती. ती हसली नाही. तिने ते खरंच ठरलं आहे असं धरून ठेवलं.

हिवाळ्यात तिचा डावा कान ठणकू लागला. ती त्या बाजूने उशीवर डोकं दाबून निजे आणि आईने विचारलं तर थंडी वाजते म्हणे. आई लाँड्रीत गेल्यावर ती माझं झाकण उघडी, शाळेच्या कप्प्यातून चिल्लर घेई आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून आईचं नाव सांगून दुखायच्या गोळ्या आणि कानात घालायचे थेंब आणी. आणि मित्रांनो, दर वेळी ती तिथे शर्टाचं एक बटण ठेवी. अगदी नियमाने.

पगाराच्या दिवशी आईला ती बटणं दिसत. हे मी कधी घेतले, असं ती पुटपुटे, स्वतःच्या विसरभोळेपणाला नावं ठेवी आणि तेवढे पैसे टाकून बटणं उचली. तिला घाई असे. एका हातात नोटा, दुसऱ्या हातात कणीक. मला सगळं दिसत होतं, पण कुरकुरण्यापलीकडे डब्याला काय येतं? मी झाकण लावताना जोरात कुरकुरलो. तिने बिजागरीला तेल घातलं.

हप्ते संपत आले होते. आता अगदी थोडे राहिले, असं आई मावशीला सांगू लागली होती. तेवढ्यात शाळेतल्या बाईंनी तिला लाँड्रीतून बोलावून घेतलं. छोटी डाव्या बाजूने हाक मारली तर वळून बघत नाही, आणि तिच्या कानाला वास येतो, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की पडदा गेला आहे आणि पू आतल्या हाडापर्यंत पोचला आहे. ऑपरेशन आजच करायला हवं. त्या कानाने पुन्हा ऐकू येईल अशी आशा धरू नका. सुरुवातीला आणलं असतं तर साध्या औषधाने भागलं असतं, असंही ते म्हणाले.

त्या संध्याकाळी आईने पहिल्यांदा दवाखान्याच्या कप्प्यातले सगळे पैसे काढले. हप्ता चुकला. माफी गेली. जुन्या बिलावर नवं बिल चढलं, आणि ते आधीच्यापेक्षा मोठं होतं. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि नियम माझ्या हातात नाही, ताई, एवढंच तो म्हणाला.

छोटी घरी आली, कानाला पट्टी बांधून. आईने शाळेच्या कप्प्यातली बटणं तळहातावर घेतली. तिला आता सगळं कळलं होतं.

"ही तू ठेवलीस?"

"हो. मी चोरले नाहीत गं आई. दर वेळी बटण ठेवलं."

आई तिला जवळ घेऊन रडली. मग तिने पक्कड आणली आणि शाळा आणि दवाखाना यांच्यामधला माझा पत्रा वाकवून आडवा केला. फी आता झेपणार नव्हती, म्हणून छोटीचं नाव त्या शाळेतून काढायचं ठरलं होतं. मला फार दुखलं, पण ते सांगण्यासारखं नाही. आता मला पाचच कप्पे आहेत, आणि दवाखान्याचा एवढा मोठा झाला आहे की त्यात नोटा टाकल्या तरी तो रिकामाच दिसतो. आई म्हणते, छोटी मोठी होऊन कामाला लागेल तेव्हाही हे फिटलेलं नसेल.

परवा ती छोटीचे केस विंचरत होती. ती मुद्दाम तिच्या उजव्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "यापुढं कुठंही काही दुखलं तर मला लगेच सांगायचं. कळलं?"

छोटीने माझ्याकडे पाहिलं.

"सांगेन. पण पैसे कुठल्या कप्प्यातले घ्यायचे?"

आईने कंगवा खाली ठेवला. मग ती छोटीची वेणी घालू लागली.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने डबे शेवटी सांगतात, की आमची निगा राखा, आम्हाला फेकू नका. माझं तसं काही मागणं नाही. मला वाटलं तर भंगारात द्या. पण तुमच्या घरात पैशांना कप्पे असतील आणि तुम्हाला काही दुखत असेल, तर ते सांगा. पैशाचं काय ते मोठी माणसं बघून घेतील, असं पुढे म्हणायला मला फार आवडलं असतं. पण माझ्या पोटात किती आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून ते मी म्हणत नाही. तेवढं दुखणं मात्र सांगा.