जांभळ्या टोपणाची नळी

मी एक जुना लाकडी स्टँड आहे. खरे सांगायचे तर अर्धा स्टँड आहे. माझा उरलेला अर्धा भाग समोरची खिडकी आपटू नये म्हणून तिच्या फटीत बसवलेला आहे. मित्रांनो, आमची ताटातूट कशी झाली ते ऐका.

रोडोपीच्या डोंगरातल्या एका लहान गावात, इस्पितळाच्या सुताराने मला बीचच्या लाकडातून घडवले. रक्ताच्या नळ्या उभ्या राहाव्यात म्हणून त्याने मला चाळीस भोके पाडली. त्यातले एक वाकडे गेले. तिथे कोणी नळी ठेवत नसे, पेन्सिल ठेवत. मुलांच्या विभागात मी तीसेक वर्षे काम केले.

नळ्या दिसायला सारख्या, पण टोपणाच्या रंगागणिक त्यांचे काम वेगळे. लाल टोपणाच्या नळीत रक्त गोठते, वर पिवळसर पाणी राहते आणि त्यातले पोटॅशियम, कॅल्शियमसारखे क्षार मोजतात. जांभळ्या टोपणाच्या नळीत आधीच एक औषध लावलेले असते. त्यामुळे रक्त गोठत नाही आणि पेशी मोजता येतात. पण ते औषध म्हणजे पोटॅशियमचेच मीठ, आणि ते रक्तातले कॅल्शियम धरून ठेवते. म्हणून जांभळी नळी लालच्या नंतर भरायची आणि तिच्यातला थेंबही दुसरीत जाऊ द्यायचा नाही. एवढे माझ्यासारख्या लाकडालाही पाठ होते.

रक्त घ्यायची ब्लागा सिस्टर. तिचा हात हलका. 'एका टोचणीची ब्लागा' म्हणून पलीकडच्या खोऱ्यातूनही लोक मुलांना तिच्याकडे आणत. हे नाव तिला आवडत असे, आणि ते ती लपवतही नसे.

एका मार्चमध्ये स्पास नावाचा ट्रकवाला आपल्या सहा वर्षांच्या कालिनाला घेऊन आला. पोर फिकट पडली होती, सारखी दमत होती. ब्लागाने तिचा डावा हात चाचपला. मनगटाजवळ चांगली शीर होती, पण तिच्यावरच मार्चचा लाल-पांढरा दोरा बांधलेला होता.

"हा हात नाही हां, मावशी! दोरा सुटेल. मला अजून करकोचा दिसला नाहीये."

आमच्याकडे मार्च लागला की सगळे असा दोरा बांधतात, आणि वसंतातला पहिला करकोचा दिसल्याशिवाय तो काढायचा नसतो. ब्लागाच्या स्वतःच्या मनगटावरही तसाच होता.

"बरं बाई, राहू दे तुझा दोरा. तो हात दे."

उजव्या हाताची शीर बारीक होती. डॉक्टरांना पोरीच्या अंगात रक्तच कमी असल्याची शंका होती, म्हणून पेशी मोजायची जांभळी नळी ब्लागाने नियम सोडून आधी भरली. लाल नळीचा तळ जेमतेम झाकला गेला आणि रक्त थांबले.

"झालं? एकातच?" स्पास म्हणाला. "उगाच नाही लोक तुमचं नाव घेत."

ब्लागाने सुई काढली. बापलेक बाहेर गेले. मग तिने दोन्ही टोपणे उघडली आणि जांभळ्या नळीतले थोडे रक्त लाल नळीत ओतले. माझ्या डोळ्यांदेखत ओतले. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

पलीकडच्या खोलीत तपासणी करणारा ओगन्यान बराच वेळ ती लाल नळी उजेडात धरून पुटपुटत होता, "हे रक्त नीट गोठत का नाही?" शेवटी त्याने ती यंत्रात लावली. आकडे आले आणि डॉक्टर मिन्चेवा धावतच आमच्या खोलीत आल्या. पोटॅशियम दुपटीच्या घरात होते. एवढ्याने हृदय बंद पडू शकते. त्यांनी पोरीला आत घेऊन हृदयाचा आलेख काढला, तो साधाच आला, म्हणून तिला परत बाहेरच्या बाकावर बसवले.

"तरी मी थांबू शकत नाही," त्या म्हणाल्या आणि पोटॅशियम उतरवायचे औषध त्यांनी सिरिंजमध्ये भरले. स्पास येऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला. मित्रांनो, पोरीच्या अंगातले पोटॅशियम मुळात ठीकच होते. ते औषध आत गेले असते तर ते नको इतके उतरले असते आणि आलेख साधा राहिला नसता.

ओगन्यान दारात उभा राहून बाहेर बघत होता.

"डॉक्टर, एक मिनिट. यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच. असं असतं तर पोरीला झटके आले असते. ती बघा, पाय हलवत चीजची बनित्सा खातेय." मग तो वळला. "ब्लागाताई, जांभळ्यातलं लालमध्ये गेलं का?"

ब्लागाने आधी माझ्याकडे पाहिले, मग स्पासकडे.

"गेलं नाही. मी ओतलं. पोरीला पुन्हा टोचायला नको म्हणून."

"पोरीसाठी, की तुमच्या नावासाठी?" स्पासने विचारले.

"नावासाठीही," ब्लागा म्हणाली.

डॉक्टरांनी सिरिंज खाली ठेवली. कालिनाला आत बोलावले. ब्लागाने तिच्यासमोर गुडघे टेकून सगळे सांगितले. पोरीने तोंडातला घास गिळला.

"मग मला विचारायचं ना, मावशी! मी दोरा वर सरकवला असता." आणि तुपकट बोटांनी तिने तो कोपरापर्यंत सरकवला.

लाल नळी आधी, जांभळी नंतर. पोर खोली दणाणून जाईल एवढी रडली. पोटॅशियम ठीक निघाले, कॅल्शियमही. अंगात लोह कमी होते, तेवढ्याचेच औषध तिला मिळाले.

दुसऱ्या दिवशी ब्लागाने घरून करवत आणली आणि मला मधोमध कापले. लाकडाला दुखत नाही, पण मला एकटे वाटले. तेव्हापासून लाल टोपणे माझ्यात, मुले बसतात त्या खुर्चीजवळ, आणि जांभळी त्या अर्ध्यात पलीकडच्या टेबलावर. एकातले दुसऱ्यात ओतायचे मनात आले, तरी चार पावले चालावी लागत. तेवढ्यात माणूस भानावर येतो.

आता प्लॅस्टिकचे रंगीत स्टँड आले आहेत. मी पेन्सिली सांभाळतो. वाकड्या भोकातली पेन्सिल अजून तिरकीच असते.

मित्रांनो, तुमचे रक्त घेताना नळी पुरती भरली नाही, तर घाईने हात मागे घेऊ नका. मोठ्यांना तुमची दया येते, आणि त्या दयेच्या पोटी ते कधी कधी चुकतात. ब्लागाला आता कोणी 'एका टोचणीची' म्हणत नाही. रक्त कमी पडले की ती सुई बाजूला ठेवते आणि सरळ विचारते, "बाळा, कमी पडलं. दुसरा हात देशील?"

मी इथून बघत असतो. बहुतेक मुले देतात.