आत्याबाईंचा नेम

अनुपमाने एकच चूक केली. तिने सासऱ्यांना शिकवलं.

मोताळ्याच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची. सासरे नारायणराव चाळीस एकरांचे धनी, वय चौऱ्याहत्तर, वजन ब्याण्णव किलो. मोबाईलवर त्यांना कुठूनसा दीर्घायुष्याचा व्हिडिओ सापडला आणि त्यांनी सुनेला अर्थ विचारला. सुनेलाही हौस दांडगी. तिने सांगितलं, पेशीला आपल्याजवळ ऊर्जा किती आहे हे कळतं. भरपूर असली की ती वाढत सुटते. कमी पडली की वाढ थांबवते आणि आतला मोडका माल मोडून त्यावर भागवते. उंदरांचं आयुष्य त्याने वाढलेलं दिसलंय, माणसांचं अजून नक्की नाही, हेही ती म्हणाली. पण तोवर मामाजी, म्हणजे सासरे, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले होते.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवा कायदा आला. पहिलं जेवण दुपारी दोनला, दुसरं सहाला, मधे फक्त पाणी. दोनच्या ताटात मात्र तुपाची धार, वरण, भाकरी, सगळं पोटभर.

घरात आणखी एक शरीर होतं, त्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. नवरा जेवल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हा अनुपमाच्या सासूबाईंचा, पुष्पाबाईंचा, लग्नापासूनचा नेम. मामाजी सकाळी आठला न्याहारी करत होते तोवर निभलं. आता दोनपर्यंत त्या चुलीपुढे उपाशी. वजन एकोणचाळीस किलो, आणि शुगरची गोळी मात्र सकाळी आठलाच, कारण ती डॉक्टरांनी सांगितलेली.

"आत्याबाई, गोळी घेतली ना? मग खा काही," अनुपमाने बिस्किट तोंडाशी नेलं. पुष्पाबाईंनी ओठ मिटून घेतले. हात थरथरत होते, कपाळावर घाम होता.

"पन्नास वर्सं झाले वं. आता मोडू का?"

अनुपमा तडक सासऱ्यांकडे गेली. "मामाजी, तुम्ही एकदा म्हणा त्यांना, जेव म्हणून. तुमचं ऐकतील. तुमच्या अंगावर साठा आहे, त्यांच्याजवळ मोडायला काही उरलं नाही. आता त्यांचं शरीर स्वतःचंच मांस खातंय. मरतील त्या."

नारायणराव हसले. अगदी लाडाने हसले, आणि त्या हसण्याची अनुपमाला किळस आली.

"मी का बांधून ठेवलं तिले? तिची भक्ती हाय ते. अन् तूच सांगितलं ना, जुना माल साफ होते म्हणून? होऊ दे तिचाबी."

चार महिन्यांत नारायणरावांचं वजन अकरा किलो उतरलं. बाजाराच्या दिवशी ते रिपोर्ट खिशात घालून फिरत, भेटेल त्याला दाखवत. एका मंगळवारी पावणेदोनला पुष्पाबाई चुलीपुढेच कलंडल्या. तव्यावरची भाकरी जळली. अनुपमाने तोंडात साखर घातली, ती ओठांवरच राहिली. ताट वाढलेलं होतं. दोन वाजले तेव्हा नारायणरावांनी आधी ताटाकडे पाहिलं. अनुपमाने ते पाहिलं आणि ती ते जन्मात विसरणार नव्हती.

दहाव्या दिवशी नळगंगेच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. समोर बाभळीवर तीन-चार बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. अनुपमाच्या नवऱ्याने, हर्षलने, आईला सगळी वचनं देऊन पाहिली. घर सांभाळीन, बाबांना सांभाळीन, शेत विकणार नाही. अकरा वाजले. लोक कुजबुजू लागले, बाईचं काय राहिलं असेल?

बायांच्या घोळक्यातून अनुपमा पुढे आली. ती रागाने थेट सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"काय राहिलं ते मला माहीत आहे. मामाजी, तुम्ही अजून जेवला नाहीत. तुम्ही आधी दोन घास खा. आत्याबाईंनी तुमच्याआधी कधी खाल्लं नाही."

कुणीतरी डब्यातला भात पानावर काढून नारायणरावांपुढे सरकवला. त्यांनी भाताकडे पाहिलं, मग पिंडाकडे, मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"सव्वाअकरा," ते म्हणाले. "दोनले टाइम हाय अजून. रोज थांबे ते माह्यासाठी. आजबी थांबल."

आणि त्यांनी पान बाजूला सारलं.